पी.टी.चा तास रिकामा नसतो



शाळेचे प्रगतिपत्रक घरी आले की ते कसे वाचले जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. वडील आधी गणिताचा आकडा बघतात, मग इंग्रजीचा. आई विचारते, ‘पास आहे नव्हं?’ प्रगतिपत्रकाच्या अगदी खालच्या बाजूला एक ओळ असते, ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’. तिच्यासमोर काय लिहिले आहे, ते कोणी बघत नाही. बघितले तरी त्यावरून पोराला कोणी शाबासकी देत नाही, की रागे भरत नाही. शाळेतही तीच तऱ्हा. गणिताचा भाग मागे राहिला की पी.टी.चा तास गणिताला जातो. पाऊस आला की तो रद्द होतो, साहेब तपासणीला येणार असले की त्या तासाला वर्ग झाडून घेतात. वेळापत्रकात सगळ्यांत गरीब तास कोणता, तर हा.

आजच्या लेखात या गरीब तासाची बाजू मांडायची आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न येईल. ‘अहो, आमची पोरं सकाळी उठून धारा काढतात, वैरण आणतात, सुट्टीला खुरपायला जातात. त्यांना आणखी व्यायाम कशाला? तो शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी करावा.’ प्रश्न रास्त आहे. हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

काम आणि व्यायाम दिसायला सारखे वाटतात, कारण दोन्हींत घाम निघतो. पण कामाला फक्त काम उरकायचे असते. तुमच्या अंगाचे काय होते याची ते फिकीर करीत नाही. खुरपायला बसलेल्या बाईचे गुडघे आणि कंबर दिवसभर एकाच ठेवणीत असतात. उजव्या हाताने खुरपणाऱ्याचा उजवा हातच खुरपतो. पाठीवर भरलेला फवारणीचा पंप वीस किलोच्या आसपास भरतो आणि तो घेऊन माणूस वाकूनच चालतो. अशा कामाने अंग काटक होते हे खरे, पण ते एका बाजूने झिजतेही. चाळिशीतच कंबर धरून उठणारी माणसे प्रत्येक वाडीत आहेत. व्यायामात अंगाचाच विचार आधी असतो. दोन्ही हात, दोन्ही पाय, पोट, पाठ, श्वास यांना सारखे काम मिळते. आज जेवढे झेपेल तेवढेच, उद्या थोडे जास्त, आणि मधे विश्रांती.

हे तुम्हाला नवीन नाही. खोंडाला पहिल्याच दिवशी कोणी भरल्या गाडीला जुंपत नाही. आधी त्याला मोकळे चालवतात, मग हलका ओंडका ओढायला लावतात, जोडीला शहाणा बैल देतात. खांदा तयार झाला म्हणजे मग औत. खोंडाच्या बाबतीत आपण जेवढा विचार करतो, तेवढा पोराच्या खांद्याचा करायला काय हरकत आहे? शाळेतला पी.टी.चा तास म्हणजे हा हलका ओंडका आहे.

दुसरी गोष्ट अशी की, पोरे शेतात राबतात हेही आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते. उसाला ठिबक आहे, मोटार बटणावर चालू होते. शाळेला पायी जाणारे पोर आता गाडीवर मागे बसून जाते किंवा जीपगाडीने जाते. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की मोबाईल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी. आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे, म्हणजे उड्या मारण्याचे, जोराने पळण्याचे, वजन पेलण्याचे खेळ खेळावेत. २०१६ सालच्या आकडेवारीवरून याच संघटनेने काढलेला हिशेब असा होता की, जगातल्या अकरा ते सतरा वर्षांच्या शंभर मुलांपैकी एक्याऐंशी मुले एवढी हालचाल करीत नाहीत. मुलींची स्थिती मुलांहून वाईट होती. यात गावाकडची मुले नसतील अशी समजूत करून घेऊ नका.

या वयाचेच महत्त्व का, तेही सांगतो. माणसाच्या हाडांचा भरणा विसाव्या वर्षाच्या आसपासपर्यंत जवळजवळ पुरा होतो. पुढे आयुष्यभर त्याच पुंजीवर निभवायचे असते. वयात येताना जो धावला, उड्या मारल्या, त्याची पुंजी मोठी. पेरणीची वेळ टळली की मागून कितीही खत टाकले तरी उतारा तो येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

हे झाले शरीराचे. पण शरीर बळकट होणे हा या तासाचा निम्माच फायदा आहे. उरलेला निम्मा समजून घ्यायला आपल्या माळशिरस तालुक्यात वेळापूरला जाऊ या. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी जिथे मुक्कामाला येते, आणि जिथे पोहोचण्याआधी वारकरी उतारावरून धावा करतात, तेच हे वेळापूर. या गावाची दुसरी ओळख म्हणजे खो-खो. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारीला अंतिम सामने झाले. भारताच्या महिलांनी नेपाळला ७८–४० असे, आणि पुरुषांनीही नेपाळलाच ५४–३६ असे हरवले. त्या विजयी पुरुष संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. जो खेळ आपण पोरांचा खेळ म्हणून शाळेच्या पटांगणात सोडून दिला, त्याचा विश्वचषक आपल्या जिल्ह्यातला पोरगा घेऊन आला.

पण मला इथे चषकापेक्षा खेळाविषयी बोलायचे आहे. खो-खोत काय काय असते ते आठवा. आठ गडी एका रांगेत बसलेले, एकाचे तोंड इकडे तर पुढच्याचे तिकडे. नववा पाठलाग करतो. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. पाठलाग करणाऱ्याला दोन बंधने मोठी. मधली पाटी ओलांडायची नाही, आणि एकदा एका बाजूला पाऊल टाकले की खांब गाठल्याशिवाय मागे फिरायचे नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कसेही पळता येते. म्हणजे नियम पाहिले तर पाठलाग करणारा एकटा कधी जिंकणारच नाही. त्याला खो द्यावाच लागतो.

आता यातून पोर काय शिकते ते बघा. रांगेत बसलेल्याला वाटते आपण रिकामे आहोत, पण खो केव्हा मिळेल त्याचा नेम नसतो. म्हणून तो कान देऊन, पाय आवरून, उठायच्या तयारीत बसतो. आपली पाळी येईपर्यंत सावध राहणे ही केवढी मोठी शिकवण आहे! पहिले पाऊल कुठल्या बाजूला टाकायचे हे क्षणात ठरवावे लागते, आणि ठरवले की ते निभवावे लागते. चुकीच्या बाजूला उठला तर सगळ्यांसमोर फाउल होतो. पाठलाग करणारा दमला की त्याने ताजा गडी उठवायचा असतो. ‘मीच गडी मारणार’ म्हणून एकटाच पळत राहिला तर डाव हातचा जातो. खो दिला की ज्याला दिला त्याच्या जागेवर मुकाट्याने बसायचे, आणि पुन्हा तयार राहायचे.

मंडळी, आपल्या घरात, भावकीत, सोसायटीत जे तंटे होतात, त्यांतले निम्मे वेळेवर खो न दिल्याने होतात असे म्हटले तर वावगे होईल काय? सत्तरीचा बाप चावी कमरेला ठेवून बसतो आणि चाळिशीचा मुलगा बी-बियाण्याच्या पैशासाठी त्याच्या तोंडाकडे बघतो. पाण्याची पाळी संपली तरी दांडगा गडी बारे सोडत नाही. बचत गटाचा हिशेब वर्षानुवर्षे एकीच्याच हाती राहतो आणि दुसरी कोणी तो शिकतच नाही. आपली पाळी ओळखणे, दुसऱ्याला त्याची पाळी देणे, आणि पंचाने शिट्टी मारली की थांबणे, हे ज्ञान पुस्तकात लिहून देता येते, पण अंगी लागते ते मैदानात.

आणखी एक गोष्ट मैदानात मिळते, ती म्हणजे हरायची सवय. ऐकायला विचित्र वाटेल, पण विचार करा. शाळेत, घरात, नात्यागोत्यात आपण पोराला सारखे सांगत असतो, पहिला ये. पहिला एकच येतो. बाकीच्यांनी काय करायचे हे कोणी शिकवत नाही. मैदानात मात्र पोर आठवड्यातून चार वेळा हरते. बाद झाले की बाहेर जाऊन बसते, दोन मिनिटे तोंड फुगवते आणि पुढच्या डावाला पुन्हा उभे राहते. ज्याने मारले त्याच्याच बरोबर घरी येते. दहावीचा निकाल लागतो, बारावीला एखादा विषय राहतो, भरतीत दोन गुणांनी नाव जाते, बाजारात कांद्याचा भाव पडतो. अशा वेळी पुन्हा उभे राहण्याची ज्याला सवय आहे त्याला ती उपयोगी पडते. अर्थात खेळ हे सगळ्या दुःखांवरचे औषध नव्हे. पोर आठ-आठ दिवस गप्प असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, तर त्याला ‘जा, खेळ जा’ म्हणून वाटेला लावू नका. जवळ बसून विचारा, आणि गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा.

आता माय-भगिनींसाठी चार शब्द, आणि ते बाप्यांनीही ऐकावेत.

मुलगी पाचवी-सहावीपर्यंत पोरांच्या बरोबरीने पळते. सातवी-आठवीत ती वयात येते, आणि एक दिवस घरातून आवाज निघतो, ‘आता पुरे झालं हुंदडणं.’ त्या दिवसापासून तिचे मैदान सुटते ते कायमचे. नेमकी हीच तिच्या हाडांचा भरणा होण्याची वर्षे असतात. पुढे तिला बाळंतपणे काढायची आहेत, डोक्यावर भारे वाहायचे आहेत, आणि आपण तिची पुंजी ऐन हंगामात बंद करतो. पाळीच्या दिवसांत खेळू नये अशीही समजूत आहे. तिला बरे वाटत असेल तर खेळायला काहीच हरकत नाही. उलट हलक्या हालचालीने पोटातल्या कळा पुष्कळदा कमी होतात. फार रक्त जात असेल, चक्कर येत असेल, तर मात्र विश्रांती द्या आणि दवाखान्यात दाखवा. शाळेत मुलींसाठी दार लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह आहे का, हेही बघा. पुष्कळ मुलींचे मैदान आणि शाळाही केवळ त्यापायी सुटते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. किरण नवगिरे ही सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली मुलगी. आधी ती मैदानी खेळांत होती, भालाफेक आणि धावणे. क्रिकेटकडे ती नंतर वळली. २०२२ साली नागालँडच्या संघाकडून खेळताना तिने महिलांच्या एका टी-ट्वेंटी सामन्यात एकटीने १६२ धावा काढल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती भारताच्या संघातून इंग्लंडमध्ये खेळली. पळणे, फेकणे, उडी मारणे हा सगळ्या खेळांचा पाया आहे. तो ज्याचा पक्का, त्याला पुढे कोणताही खेळ उचलता येतो. प्रत्येक मुलगी किरण होणार नाही, आणि व्हायलाच हवी असेही नाही. पण प्रत्येक मुलीला तेवढा पाया मिळण्याचा हक्क आहे.

मुलींच्या बाबतीत रक्ताची कमतरता ही मोठी अडचण आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलींपैकी एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशी मुलगी चार पावले पळाली की धापा टाकते, आणि आपण तिला आळशी म्हणतो. शाळेत किंवा अंगणवाडीत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ती लोहाची आहे. ती टाकून देऊ नये. जेवल्यानंतर घ्यावी म्हणजे मळमळत नाही. घरात बाजरीची भाकरी, मेथी, हरभऱ्याची भाजी, मटकी, आपली शेंगांची चटणी हे सगळे आहेच. वर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर चहा मात्र घेऊ नये, तो लोह अंगी लागू देत नाही. जंताची गोळीही वर्षातून ठरल्या वेळी शाळेत देतात, ती चुकवू नका.

मैदानाबरोबर चांगल्या सवयी आपोआप येतात, हा या तासाचा आणखी एक गुण. खेळणाऱ्या पोराला नखे कापावीच लागतात, नाहीतर जोडीदाराला ओरखडा बसतो. खेळून आल्यावर हातपाय साबणाने धुवावेत, घामाचे कपडे बदलावेत. रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघत बसले की दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही, त्याचे त्यालाच कळते. तीच गोष्ट माव्याची आणि गुटख्याची. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे हा गुन्हा आहे, आणि तरीही आठवीतल्या पोराच्या खिशात पुडी सापडते. त्या पोराला व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. पण ज्याला संध्याकाळी संघात खेळायचे आहे, ज्याची वाट बाकीचे अकरा जण बघत आहेत, त्याला कट्ट्यावर बसायला वेळ मिळत नाही. वाईट संगत सोड म्हणण्याआधी त्याला चांगली संगत कुठे मिळेल, ते बघावे लागते.

सोलापूरच्या उन्हाविषयी एक सूचना देतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. मार्चपासूनच पी.टी.चा तास सकाळी पहिला असावा, दुपारी नको. खेळायच्या आधी, मधे आणि नंतर पाणी प्यावे. तहान लागेपर्यंत थांबू नये. ताकात मीठ घालून दिले तर उत्तम. खेळताना डोके दुखू लागले, मळमळले, पोर बडबडू लागले, तर ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपलेल्या पोराच्या तोंडात पाणी घालू नये. हीच माहिती शेतातही उपयोगी पडते, हे वेगळे सांगायला नको.

आता थोडे पोटापाण्याचे बोलू. पहाटे टेंभुर्णीपासून मंगळवेढ्यापर्यंत कोणत्याही रस्त्याला निघा, कडेने पोरे पळताना दिसतील. पोलीस भरतीची तयारी करणारी ही पोरे. शिपाई भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. जाहिरात निघाली की पोरे एकदम कंबर कसतात. ज्याने पाचवीपासून अंग हलवले नाही तो महिन्याभरात नडगी धरून बसतो. कोणाचा गुडघा जातो, कोणी भलत्याच पावडरी आणि सुया यांच्या नादी लागतो. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही गत. श्वास आणि हाडे काही जाहिरात बघून तयार होत नाहीत. पी.टी.चा तास त्या पोराला दहा वर्षे आधी फुकट मिळत होता, आणि तो त्याला आपणच मिळू दिला नाही.

शाळेत शारीरिक शिक्षण असावे ही कल्पना काही परदेशातून परवा आलेली नाही. आपल्या सांगोल्याला लागून असलेले आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होते. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत, आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांतूनही ते सुरू केले. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद यांनी योगाचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात पुढाकार घेतला. व्यायामशिक्षक तयार करण्यासाठी १९३८ साली कांदिवलीला संस्था निघाली. आपल्या पिढीला ज्या सरांनी शिट्टी वाजवून रांगेत उभे केले, त्यांची परंपरा ही अशी आहे.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान असावे आणि खेळाचे साहित्य मिळावे असे स्पष्ट लिहिले आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा, असेही त्यात आहे. लहान शाळेला असा माणूस मिळत नाही. तिथे वर्गशिक्षकालाच तास घ्यावा लागतो, म्हणून तिथे तर पालकांनी पाठीशी उभे राहणे अधिक गरजेचे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने खेळ आणि अभ्यास यांतली भिंत काढायला सांगितले आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन वाटे सभासद पालकच असतात, समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात. म्हणजे मैदानाचा विषय काढायला मुंबईला जायची गरज नाही. महिन्याच्या बैठकीत बसायचे आणि विचारायचे.

काय विचारायचे? एक, आठवड्याला पी.टी.चे तास किती, आणि गेल्या महिन्यात त्यांतले खरोखर किती झाले? दोन, त्या तासाला सगळी मुले खेळतात, की निवडलेली दहा खेळतात आणि बाकीची दप्तरे राखत बसतात? तीन, मुली खेळतात का? चार, पाय अधू असलेल्या, कमी दिसणाऱ्या मुलाला त्याच्या जोगा खेळ दिला आहे का, की त्याला झाडाखाली बसवले आहे? पाच, खेळ शिक्षा म्हणून वापरला जातो का? चुकले की उठाबशा, उशीर झाला की मैदानाला फेऱ्या, असे केले की पोराला व्यायामाची जन्माची अढी बसते. आणि ज्याला दम्याचा, हृदयाचा त्रास आहे त्याची नोंद सरांकडे आहे का? शाळेत सरकारी डॉक्टरांचे पथक तपासणीला येते, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

पैशाचे म्हणाल तर खो-खोच्या मैदानाला लागते किती? २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. तुमच्या हिशेबाने सव्वाचार गुंठे. कडेची मोकळी जागा धरली तरी सहा गुंठ्यांत बसते. दोन गुळगुळीत खांब आणि आखायला थोडी फक्की, बस्स. बाकी काम आपल्या हातचे आहे. मैदानातले दगडगोटे आणि काटे वेचायचे. कडेला बाभळीचा फेस पडला असेल तर तोडायचा. तिथे कोणाची ट्रॉली, कोणाचा कडबा, लग्नाच्या मांडवाचे खड्डे असतील, तर ते आवरायचे. एका रविवारी गावातले वीस जण एकत्र आले तर दुपारपर्यंत मैदान तयार होते. गळितात उसतोडीला गेलेल्या माणसांची मुले गावात किंवा साखर शाळेत असतील तर त्यांनाही डावात घ्या. नवख्या पोराला गावात जीव लावायला खेळासारखे दुसरे साधन नाही.

घरीही एक नेम करता येईल. शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंतचा एक तास पोरापोरींचा. त्या तासात त्यांना दुकानाला धाडायचे नाही, म्हशीमागे पाठवायचे नाही, आणि मोबाईलही द्यायचा नाही. काम असेल तर ते आधी किंवा नंतर. मुलीला ‘भांडी पडलीत’ म्हणून हाक मारायची नाही. ती भांडी त्या तासापुरती तिच्या भावाने घासली तर त्याचा हात झिजत नाही.

येत्या आठवड्यात एवढे करा. शाळेवरून जाताना पी.टी.च्या तासाला पाच मिनिटे कुंपणापाशी थांबा. आपले पोर खेळते आहे की नुसते उभे आहे ते बघा. मुलगी आहे का ते बघा. मग जे दिसेल ते पुढच्या बैठकीत सरांना आणि सरपंचांना सांगा; तक्रारीच्या सुरात नको, मदतीच्या सुरात सांगा. फक्कीचे पोते मी देतो म्हणा. सरांनाही कोणीतरी पाठीशी आहे हे कळले की हुरूप येतो, आणि पुढच्या वेळी गणिताला तास मागायला कोणी आले तर ते म्हणतील, ‘हा तास द्यायचा नाही, याला पालक विचारतात.’